पावतीची उलटी बाजू

आईवडील आणि मामा सोडले, तर मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो बडोद्याच्या वाडी भागातल्या सुभेदारकाकांचा. आणि माझ्या माहितीप्रमाणे त्यांनी माझ्यावर एक दिवसही विश्वास ठेवला नाही.

ही तक्रार नव्हे. ते कुणावरच विश्वास ठेवत नसत. पाववाल्यावर नाही, घड्याळावर नाही, वर्तमानपत्रातल्या पंचांगावर नाही, स्वतःच्या मुलांवर तर नाहीच. दुकानाला दोन कुलपं होती आणि दोन किल्ल्या दोन मुलांकडे. म्हणजे सकाळी दोघंही हजर झाल्याशिवाय दुकान उघडत नसे. "एकाच्या हातात दोन्ही किल्ल्या म्हणजे कुलूपच नाही," असं ते म्हणत.

सुभेदार हे त्यांचं आडनाव नव्हतं आणि त्यांच्या घरात कुणी सुभेदारही झालेलं नव्हतं. आजोबा संस्थानच्या काळात एका कोठाराच्या दारावर पहाऱ्याला होते, साधे शिपाई. पण नातवाची मिशी आणि समोरच्याकडे बघण्याची तऱ्हा पाहून वाडीने परस्पर बढती देऊन टाकली. नातवाचा धंदा शेवउसळीचा. दहा फुटांची जागा, दोन बाकं, एक मोठं पातेलं, तरीचं वेगळं भांडं, आणि मागच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत त्या वर्षीच्या परवान्याची पावती. देवाची तसबीर तिच्या शेजारी होती, पण हार पावतीला नसे एवढाच काय तो फरक.

मी त्यांच्यासमोर आलो तो एका खिडकीच्या आतल्या बाजूने. खाण्यापिण्याचा धंदा करणाऱ्याला दर वर्षी परवान्याची फी भरावी लागे. ती ज्या कचेरीत भरायची, तिथे मी रोजंदारीवर कारकून होतो. कचेरीचं नाव लिहीत नाही, तिथली काही माणसं अजून आहेत.

मी मूळचा नवापूरचा, महाराष्ट्र-गुजरातच्या हद्दीवरचा. वडील लाकडाच्या वखारीत हमाली करत. शाळा तिथेच झाली, आणि पुढे मामांनी बडोद्याला नेलं. मामा रेल्वेत होते, प्रतापनगरला त्यांचं क्वार्टर. त्यांच्या स्वयंपाकघरात झोपून मी बी.कॉम. झालो. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. वडिलांना वाचता येत नसे, पण पदवीचा कागद त्यांनी वखारीत नेऊन सगळ्यांना दाखवला आणि परत आणला तेव्हा त्याला भुसा लागलेला होता. नोकरी लागली तेव्हापासून ते एकच विचारत, "कायम कधी करणार?" रोजंदारीवरच्या माणसाला कायम करणं साहेबांच्या हातात होतं. त्यासाठी यादी निघायची, आणि यादीत नाव यायला सहा-सात वर्षं लागायची. त्या यादीवर माझा डोळा होता, माझ्या वडिलांचा होता, आणि नवापूरच्या वखारीतल्या झाडून सगळ्यांचा होता.

मार्चचा महिना. रांग जिन्यापर्यंत गेलेली. काका खिडकीशी आले आणि गुजरातीत भरलेला फॉर्म पुढे केला. मी पावती लिहू लागलो. आमच्या पावत्या तीन प्रतींत असत, मध्ये दोन कार्बन. पावती फाडून दिली, तर त्यांनी ती वाचलीच नाही. उलटी केली आणि पाठीमागून अंगठा फिरवला, आंधळा माणूस नाणं ओळखतो तसा.

मग मराठीत म्हणाले, "मराठी?"

"हो."

"वाटलंच. गुजराती अक्षरांवर छप्पर घालतोस. पाऊस येणार आहे का आत?"

मी पावती पाहिली. घाईत मी खरोखरच गुजराती नावावर मराठीसारखी शिरोरेघ ओढली होती.

"कुठला?"

"नवापूरचा."

"म्हणजे ना इकडचा ना तिकडचा." असं म्हणून त्यांनी पिशवीतून एक जाडजूड वही काढली. "आता इथे सही कर. तारीख टाक, वेळ टाक, पावतीचा नंबर टाक."

"ही कसली वही, काका?"

"तुझ्या साहेबाकडे माझी नोंद राहते की नाही? तशी माझ्याकडे तुझी."

मागून कुणीतरी ओरडलं, "अरे सुभेदार, करो ने जल्दी." काकांनी मान वळवली नाही. मी सही केली. त्यांनी ती फुंकर मारून वाळवली, बॉलपेनची असूनही, आणि गेले.

माझ्या शेजारच्या खिडकीवरचे सहकारी त्यांना बारा वर्षं ओळखत होते. ते म्हणाले, "त्याच्या वहीत आम्ही सगळे आहोत. मी एकदा सही करायला नकार दिला होता, तर रांगेत खाली मांडी घालून बसला. त्यापेक्षा सही बरी."

पुढे मी शनिवारी दुपारी त्यांच्या दुकानात जायला लागलो. मायेने बोलावलं वगैरे काही नव्हतं. बडोद्यात मराठी बोलत तिखट खाण्याची ती स्वस्त जागा होती. पैसे ते माझ्याकडून आधी घेत, इतरांकडून नंतर. मला वाईट वाटलं आणि एकदा मी विचारलंही. ते म्हणाले, "अनोळखी माणूस लाजेने देतो. ओळखीचा हसत हसत निघून जातो."

अंगठ्याची गोष्ट त्यांनी मला तिथेच सांगितली. आजोबांच्या पहाऱ्यावरच्या कोठाराला रोज संध्याकाळी कुलूप लागे आणि त्यावर लाखेची मोहर. सकाळी कारभारी यायच्या आधी पहारेकऱ्याने ती मोहर तपासायची. आजोबा ती बघत नसत, चाचपत. "तापवून पुन्हा लावलेली मोहर डोळ्याला तशीच दिसते. अंगठ्याला दिसत नाही. आजोबांनी बाबांना शिकवलं, बाबांनी मला. पावती वाचायची नसते, चाचपायची असते. वाचायला तर लबाडसुद्धा चांगलं लिहितो."

त्यांचा संशय एकाच बाजूने चालत नसे, हे मला दुसऱ्या वर्षी कळलं. फॉर्ममध्ये एक रकाना होता: बसून खाण्याची सोय आहे की नाही. सोय असेल तर फी जास्त. काकांच्या दुकानात दोनच बाकं, त्यातलं एक पिठाच्या डब्यांनी अडलेलं. मी आपला आपुलकीने 'नाही' असं लिहिलं आणि कमी फी सांगितली. त्यांनी नोट पुढे सरकवली नाही.

"कमी का?"

"काका, दोन तर बाकं. कोण मोजतंय?"

"तू मोजलीस ना आत्ता? दोन म्हणालास." त्यांनी फॉर्म माझ्या अंगावर लोटला. "आज तू कमी घेणार. उद्या इन्स्पेक्टर येणार, बाकावर बसून माझीच उसळ खाणार आणि विचारणार, हे काय आहे? म्हणजे माझी शेंडी तुझ्या हातात. बराबर लिही. सरकारला एक पैसा जास्त द्यायचा नाही, आणि एक पैसा कमी तर मुळीच नाही. जास्त गेलेलं विसरता येतं. कमी गेलेलं ते विसरत नाहीत."

मी खोडून 'आहे' लिहिलं. खोडलेल्या जागी त्यांनी माझी छोटी सही घेतली. फॉर्मवर एक, वहीत एक.

त्या वर्षांत शहराचं तोंड एकदम मोठं झालं होतं. अलकापुरीत पिझ्झा मिळू लागला, नाक्यानाक्यावर मंचुरियनच्या लाऱ्या, म्हणजे हातगाड्या, लागल्या, कंपन्यांची माणसं छोट्या दुकानांत शिरून फुकट फ्रिज आणि फुकट पाट्या वाटत हिंडू लागली. काकांकडेही एक टायवाला आला. त्याने थंड पेयाची चकचकीत पत्र्याची पाटी दिली, खाली कोपऱ्यात दुकानाचं नाव. काका म्हणाले, "माझ्या दुकानावर तुमचं नाव केवढं आणि माझं केवढं?" तो म्हणाला, "पण फ्री आहे, अंकल." काकांनी पाटी घेतली, हे पाहून मला आश्चर्य वाटलं. पुढच्या शनिवारी गेलो तर ती उलटी करून चार पायांवर ठोकलेली. तिच्यावर लोक बशा ठेवून उभ्याने खात होते. मी खाली वाकून पाहिलं, तर कंपनीचं नाव जमिनीकडे तोंड करून हसत होतं.

खाण्याची दुकानं वाढली तशी आमची रांगही वाढली, आणि रांग वाढली तसा कचेरीच्या पायऱ्यांवर एजंट आला. राखाडी सफारी, काखेत रेक्झिनची बॅग, कानाला लावायला कधीतरी मोबाईलसुद्धा. दुकानदार त्याला फी आणि वर थोडे देत, आणि तो दोन दिवसांनी पावती दुकानात पोचवे. तो माझ्याही खिडकीवर येई, फॉर्मचा गठ्ठा घेऊन, नेहमी हसत. मला तो कामाचा माणूस वाटे. काका पायऱ्या चढताना त्याला वळसा घालून जात, रस्त्यात गाय बसलेली असावी तसे.

"का हो?" मी एकदा विचारलं.

"हसतो फार. फी भरताना कुणी हसतं का?"

मी खिडकीवर बसायला लागून सातवं वर्ष चालू होतं. यादी तयार होत होती आणि तीत माझं नाव आहे हे शिपायाने मला जिन्यात सांगितलं होतं. मी नवापूरला पत्र टाकलं नाही, पण मामींना सांगितलं, म्हणजे टाकल्यासारखंच.

आणि एका सकाळी मी कचेरीत शिरलो, तर काका साहेबांच्या खोलीतून बाहेर येत होते. काखेत वही. माझ्याकडे त्यांनी पाहिलं, मी नमस्कार केला, आणि ते तसेच जिना उतरून गेले.

अर्ध्या तासाने साहेबांनी मला बोलावलं. टेबलावर एक पावती होती. काकांच्या शेजारच्या पेंडेवाल्याची. खाली माझी सही.

"आ तमारी सही?"

"हो साहेब. माझीच दिसते."

"आ नंबर आपणी चोपडीमां नथी."

म्हणजे त्या नंबराची पावती आमच्या कुठल्याच पुस्तकात नव्हती. पैसे कचेरीत आलेले नव्हते. पेंडेवाल्याने फी सफारीवाल्याकडे दिली होती, आणि सफारीवाला चार दिवसांपासून कुणालाच दिसला नव्हता. त्या आठवड्यात मांडवीपासून वाडीपर्यंत तशा पावत्या निघत राहिल्या. सगळ्यांवर माझी सही, अगदी माझ्यासारखी. मी स्वतः पाहिली तर मलाही शंका येत होती, मीच तर नाही ना केली?

मला खिडकीवरून उठवून जुन्या फायलींच्या खोलीत बसवलं. चौकशी सोमवारी. यादी वर जाणार बुधवारी. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी सरळ सांगितलं, की शंका असलेलं नाव मी पुढे पाठवू शकत नाही.

शेजारच्या खिडकीवरचे सहकारी डबा खायला माझ्यापाशी आले आणि हळूच म्हणाले, "तुझ्या मराठी काकानेच तुझी वाट लावली. पेंडेवाल्याची पावती तोच घेऊन आला. पेंडेवाल्याच्या भिंतीवरून काढून."

मला झोंबलं. सात वर्षं मी त्या माणसाच्या वहीत सह्या केल्या होत्या, पैसे आधी मोजून त्याची उसळ खाल्ली होती. मी डोकं लढवायला लागलो. पेंडेवाल्याची पावती यांना कशाला बघायची होती? सफारीवाल्याशी यांचं काही बिनसलं होतं का? की जमलं होतं? वहीत माझ्या एवढ्या सह्या होत्या. कुणाला माझी सही गिरवायची असती, तर त्याहून चांगला कित्ता कुठे मिळाला असता? हा विचार आला आणि मी डबा बंद केला. सात वर्षांत काकांकडून मी काही शिकलो असेन, तर ते हेच, संशय घेणं.

शनिवारी मी दुकानात गेलो. पैसे काढले नाहीत.

"काका, माझी तक्रार तुम्ही केली?"

ते भांड्यातली तरी ढवळत होते. "मी कागदाची तक्रार केली. माणसाची नाही. माणसाचं अजून ठरलेलं नाही."

"कागदावर माझी सही आहे."

"सही आहे. मी कुठे नाही म्हणतोय?"

"मग मी चोर?"

"ते सोमवारी बघू." त्यांनी बशी भरली आणि माझ्यासमोर उलट्या पाटीवर ठेवली. "खा. आणि एक सांग. शाळेत कशाने लिहायचास?"

प्रश्न इतका आडवा होता की मी खरं उत्तर देऊन बसलो. आमच्या वर्गात दोन-तीन व्यापाऱ्यांची मुलं होती. त्यांच्या पेनातली रिफिल फिकी पडायला लागली की ती टाकून देत. मी त्या गोळा करायचो. हातावर चोळून गरम करायची आणि जोर लावून लिहायचं, की आणखी चार-पाच पानं निघत. दहावीपर्यंत मी नवी रिफिल अशी क्वचितच वापरली.

काकांनी ऐकून घेतलं.  मग हात पुढे केला आणि म्हणाले, "पैसे."

सोमवारी साहेबांच्या खोलीत पेंडेवाला होता, आणखी एक-दोन दुकानदार होते, आणि मी भिंतीला टेकून. काका आले ते खुर्ची न घेता उभे राहिले. आजोबा कोठाराच्या दारावर असेच उभे राहत असतील.

"साहेब," ते गुजरातीत बोलू लागले. बोलणं लांब होतं, मी मराठीत सांगतो. "ही पेंडेवाल्याची पावती. भिंतीवर लावलेली दिसली. मी म्हटलं, याला कशी मिळाली, रांगेत तर दिसला नव्हता. उलटी केली. हा अंगठा फिरवून बघा."

साहेबांनी फिरवला. "सपाट आहे."

"आता ही माझी, यंदाची. याने खिडकीवर लिहिलेली."

"ही खरबरीत आहे. काका, पण यात काय? खिडकीवरच्या पावतीखाली दोन कार्बन असतात, दाबावंच लागतं. चोरून लिहिणारा कार्बन कशाला घालेल? याने घरी बसून बिनकार्बनची लिहिली असेल, तर ती सपाटच निघणार."

 साहेबांचं म्हणणं खरंच होतं. मला वाटलं, संपलं.

काका थांबले नाहीत. उत्तर ठाऊक असलेल्या माणसासारखी त्यांनी वही उघडली. "बराबर. मीही हेच म्हटलं, म्हणून तर त्या दिवशी याने केलं की नाही, ते सांगितलं नाही. आता हे बघा. माझ्या वहीत कार्बन नसतो. ही याची पहिल्या वर्षीची सही. पान उलटा."

साहेबांनी पान उलटलं.

"आणखी एक उलटा."

दुसऱ्या पानाच्या पाठीवरही सही उमटलेली होती. तिसऱ्यावर पुसटशी.

"ही दुसऱ्या वर्षीची. ही पुढची. या खिडकीवरचे तुमचे सगळे कारकून माझ्या वहीत आहेत, दुसऱ्या कुणाची पहिलं पानसुद्धा ओलांडत नाही. याला कार्बन असो नसो, दाबल्याशिवाय लिहिताच येत नाही. सही गिरवणाऱ्याने आकार गिरवला. जोर कसा गिरवणार? जोर वरून दिसतच नाही."

साहेबांनी मला एक कोरा कागद आणि त्यांचं पेन दिलं. "लखो. दस वार." मी दहा वेळा सही केली. सहाव्या सहीला कागद फाटला.

पेंडेवाला हसला. मग साहेबही हसले. "आटलुं जोर केम करो छो, भाई?"

एवढा जोर का लावतो, ते मला ठाऊक होतं. रिफिलची गोष्ट साहेबांना सांगायची मला लाज वाटली. काकांना ती ठाऊक होती. त्यांनीही सांगितली नाही.

साहेबांनी बाकीच्या खोट्या पावत्या एकेक करून उलट्या केल्या आणि अंगठा फिरवत गेले. सगळ्या सपाट. शेवटी त्या बाजूला सारून ते म्हणाले, "बस. या मुलाबद्दल आता काही शंका नाही."

"शंका कशी नाही?" काका म्हणाले. "याने लिहिल्या नाहीत, एवढंच झालं. त्या छापल्या कुठे, ते कुठे ठरलंय?"

 साहेबांनी हात जोडले. पुढे महिन्याभराने कळलं की सफारीवाल्याने एका छापखान्यातून पुस्तकंच्या पुस्तकं छापून घेतली होती. ते कळेपर्यंत शनिवारी माझ्याशी बोलताना काका जरा अंतर ठेवूनच होते.

बुधवारी यादी गेली. माझं नाव होतं. वडील नवापूरहून पहिल्यांदाच बडोद्याला आले, आणि मी त्यांना वाडीत नेलं. त्यांनी काकांसमोर हात जोडले आणि म्हणाले, "तुमच्यामुळे पोराचं झालं."

काका म्हणाले, "मी तुमच्या पोरासाठी गेलो नव्हतो. शेजारच्या भिंतीवर खोटी पावती लागलेली मला चालत नाही." मग त्यांनी वडिलांचा उजवा हात धरला, तळवा वर केला, आणि वखारीतल्या लाकडांनी पडलेल्या घट्ट्यांवरून अंगठा फिरवला. वडील गोंधळले. काकांनी हात सोडला आणि त्यांच्यासमोर बशी ठेवली. त्या दिवशी त्यांनी पैसे आधी मागितले नाहीत. नंतर मागितले.

पुढच्या मार्चमध्ये मी खिडकीवर होतो. पावती दिली, त्यांनी उलटी केली, चाचपली आणि वही पुढे केली.

मी म्हटलं, "काका, आता तरी?"

"आता तर जास्तच," ते म्हणाले. "आता तू कायम झालास."

मग वर्षं गेली. खिडकीत संगणक आला. काकांना सुरुवातीच्या, टिंबं ठोकून छापलेल्या पावत्या चालल्या, कारण त्या पाठीमागून थोड्या खरबरीत लागत. मग नवा कायदा आला. काकांसारख्या छोट्या दुकानांना परवान्याऐवजी नोंदणी आली, आणि फी खिडकीवर भरायचीच राहिली नाही. माझी तोवर भरुचला बदली झाली होती. एके दिवशी काकांच्या थोरल्या मुलाचा फोन आला.

"दादा, तुम्हीच काहीतरी करा. नोंदणी मी ऑनलाइन केली, फी भरली, कागद छापून आणला. बापूजींनी तो उलटा करून बघितला आणि माझी किल्ली काढून घेतली. म्हणतात, हा सपाट आहे. तीन दिवस दुकान बंद आहे."

"फोन दे त्यांना."

"ऐकू येत नाही आता त्यांना. आणि आलं तरी म्हणतील, आवाज काढणारे पुष्कळ असतात."

मी त्याच्याकडून नोंदणीचा नंबर घेतला, माझ्या टेबलावरच्या संगणकावर तपासला, आणि त्याच दुपारी हे पत्र लिहून रजिस्टर पोस्टाने बडोद्याला पाठवलं.

*

ती. सुभेदारकाका यांस,

सा. न.

तुमच्या दुकानाच्या नोंदणीची फी पोचली आहे. नंबर मी स्वतः तपासला. दुकानाचं नाव, तुमचं नाव आणि वाडीचा पत्ता बरोबर आहे. बसून खाण्याची सोय 'आहे' असंच लिहिलेलं आहे, ते मी दोनदा पाहिलं. एक पैसा जास्त गेलेला नाही आणि एक पैसा कमी गेलेला नाही. थोरल्याला त्याची किल्ली परत द्यावी.

आता अशा पावत्या सपाटच निघतात. त्या कुणी हाताने लिहीत नाही, त्यामुळे चाचपण्यासारखं त्यांत काही नसतं. तुमचा अंगठा चुकला नाही, कागद बदलला आहे. मला स्वतःलाही त्या पाहून खात्री वाटत नाही. मी अजून प्रत्येक पावती उलटी करून बघतो, इथले लोक हसतात.

त्या सोमवारनंतर मी तुमचे आभार कधी मानले नाहीत. मानले असते तर तुम्ही विचारलं असतं, काय काम आहे. आज काम आहे, म्हणून लिहितो. माझी दोन्ही मुलं शिकली. वडील गेले, पण माझ्या नोकरीचा कागद शेवटपर्यंत त्यांच्या उशाखाली होता. हे सगळं तुमच्या वहीतल्या त्या पानांवर उभं आहे. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवला असतात, तर माझी सही घेतली नसती, आणि मग माझ्याजवळ दाखवायला काही उरलं नसतं.

हे पत्र दुसऱ्या कुणी लिहिलं असेल अशी शंका तुम्हाला येईल. आली पाहिजे. जुनी वही काढा, कुठल्याही वर्षाचं पान उघडा आणि त्याच्याशी ताडून बघा. खाली तारीख आणि वेळ टाकली आहे.

पत्र उलटं करा, काका, आणि अंगठा फिरवा. रिफिल नवी आहे. हात तोच आहे.

आपला,
खिडकीवरचा, नवापूरचा